घर-अंगण : माशांच्या टाकीला फिल्टर कोणता घ्यावा?

पूर्वी रंगीत मासे पाहायचे म्हणजे मुंबई गाठावी लागे. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. मुंबई पाहायला गेलेली गावाकडची मंडळी राणीची बाग आणि गेटवे यांच्याबरोबर तिथेही एक चक्कर मारून येत. आता तेवढे लांब जावे लागत नाही. तालुक्याच्या गावी माशांचे दुकान असते. जत्रेत, आठवडी बाजारात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-दोन मासे टांगलेले दिसतात. नातू हट्ट धरतो, आजोबा बंडीच्या खिशात हात घालतात आणि सोन्यासारखा मासा घरी येतो.

पुढची गोष्ट पुष्कळ घरांत सारखीच घडते. पहिले चार दिवस घरदार टाकीभोवती बसते. आठव्या-दहाव्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. एका सकाळी ते पोट वर करून तरंगताना दिसतात. पोर रडते. थोरली माणसे म्हणतात, "आपल्या घराला मासे लाभत नाहीत." दुकानदार म्हणतो, "फिल्टर लहान पडला, मोठा घ्या." यातले पहिले म्हणणे खरे नाही आणि दुसरे बहुतेक वेळा अर्धेच खरे असते.

फिल्टर या शब्दाने आपली फसगत होते. चहाची गाळणी चोथा धरते, तसा फिल्टर घाण धरत असेल असे आपण समजतो. घाण धरणे हे त्याचे दुय्यम काम आहे. मुख्य काम वेगळेच आहे, आणि ते आपल्यासारख्या शेतकऱ्याच्या घरात चटकन समजेल असे आहे. ते एकदा समजले की दुकानात कोणता फिल्टर मागायचा, हे कोणाला विचारावे लागणार नाही.

न दिसणारी घाण

सकाळी बंद गोठ्याचे दार उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास येतो तो अमोनियाचा. माशांच्या शरीरातूनही हाच अमोनिया सतत बाहेर पडतो. तो बराचसा कल्ल्यांवाटे थेट पाण्यात उतरतो. शिवाय माशांची विष्ठा, खाल्ल्यावाचून तळाशी पडलेले खाद्य आणि कुजलेले पान यांपासूनही तो तयार होतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असते, पण त्यात हे विष साठत जाते.

नदीत किंवा तळ्यात एका माशाच्या वाट्याला अफाट पाणी असते, म्हणून तिथे काही बिघडत नाही. काचेच्या टाकीत मात्र गाय दावणीला बांधून शेण-मूत काढायचेच नाही, असा प्रकार होतो. त्यात आपल्याकडच्या पुष्कळ विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड आणि क्षारयुक्त असते. अल्कधर्मी पाण्यात आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात हाच अमोनिया अधिक जहाल होतो. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत टाक्या रिकाम्या होताना दिसतात.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्या शेतातच आहे. आपण पिकाला युरिया देतो तेव्हा पीक तो आहे तसा फारसा उचलत नाही. मातीत त्याचा अमोनिया होतो. मग मातीतले सूक्ष्म जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात, आणि बरीचशी पिके हे नायट्रेट मुळांवाटे घेतात. हेच जिवाणू माशांच्या टाकीतही काम करतात. अमोनिया विषारी असतो. नायट्राइटही विषारी, कारण ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी आहे. ते अधूनमधून थोडे पाणी बदलून काढून टाकता येते.

हे काम जिवाणू करतात हे माणसाला कळायला बराच काळ लागला. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्यून्त्स या दोन शास्त्रज्ञांनी एका लांब काचनळीत वाळू आणि चुनखडीची भुकटी भरली आणि तिच्यातून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले २० दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. नंतर त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम थांबले. त्यावरून हे काम करणारा कोणीतरी सजीव आहे, हे सिद्ध झाले. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखवले. आणि २०१५ साली दोन्ही पायऱ्यांचे काम एकटा करणारा जिवाणूही सापडला. तो ज्या ठिकाणी सापडला त्यांत मत्स्यपालनाचा एक फिल्टरही होता.

श्लोझिंग यांच्या नळीतले ते पहिले २० दिवस ध्यानात ठेवा. आपल्या टाकीतले मासे नेमके त्याच काळात मरतात. फिल्टर चालू असतो, बुडबुडे येत असतात, पण आत काम करणारे जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नसतात. म्हणजे फिल्टर विकत मिळतो तो नुसता गोठा. त्यात गुरे यायची असतात.

या जिवाणूंना तीन गोष्टी लागतात. चिकटून बसायला जागा, अंगावरून वाहणारे पाणी, आणि त्या पाण्यात प्राणवायू. शेतकऱ्याला हे एका शब्दात सांगता येईल. त्यांना वाफसा लागतो. ओल हवी आणि हवाही हवी. जमीन चिबडली की मुळे गुदमरतात, तसे गाळाने तुंबलेल्या किंवा बंद पडलेल्या फिल्टरात हे जिवाणू गुदमरतात.

खरेदीआधी चार प्रश्न

दुकानात जाण्यापूर्वी घरी चार गोष्टी ठरवाव्यात.

पहिली, टाकीत पाणी किती? लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि १००० ने भागा. उत्तर लिटरमध्ये येते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी धरा. ६० × ३० × ३० भागिले १००० म्हणजे ५४ लिटर. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी सुमारे ४५ लिटर राहते. पहिल्यांदाच मासे पाळणाऱ्याने यापेक्षा फार लहान टाकी घेऊ नये. पाणी जितके थोडे, तितके ते लवकर बिघडते. काचेची गोल बरणी दिसायला सुंदर असली तरी माशाच्या दृष्टीने ती कोंडवाडाच आहे. ५० लिटर पाण्याचे वजन ५० किलो होते हेही विसरू नये. भिंतीतली फळी ते पेलेलच असे नाही.

दुसरी, मासे कोणते आणि किती? गप्पी मासे आपल्या ओळखीचे आहेत. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवतापाच्या बंदोबस्तासाठी ते गावच्या टाक्या-डबक्यांत सोडले जातात. ते काटक असतात आणि जड पाणीही त्यांना मानवते. गोल्डफिश मात्र खादाड आणि घाण करणारा मासा आहे. दुकानात बोटाएवढा दिसतो, पण नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याला मोठी टाकी आणि जोरदार फिल्टर लागतो. दोन फुटी टाकीसाठी तो घेऊच नये. फायटर मासा पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो, म्हणून त्याला फिल्टर लागत नाही असे सांगतात. श्वासापुरते ते खरे आहे. अमोनियाचे विष त्यालाही बाधते. मात्र त्याला जोराचा प्रवाह सोसत नाही.

तिसरी, वीज किती तास असते? गावठाणात वीज बरी टिकते. वस्तीवरचे घर शेतीच्या लाइनवर असेल तर ती तासन् तास जाते. फिल्टर निवडताना हा प्रश्न शहरातल्या माणसाला पडत नाही. आपल्याला तो सर्वांत आधी पडला पाहिजे.

चौथी, फिल्टर साफ कोण करणार? पोरांचा उत्साह महिनाभर टिकतो. पुढे ते काम बहुधा घरातल्या बाईच्या अंगावर पडते. चार स्क्रू आणि सहा कप्पे असलेला फिल्टर तिच्या गळ्यात घालू नये. दोन मिनिटांत निघेल आणि पाच मिनिटांत धुऊन होईल, असाच घ्यावा.

दुकानात काय काय मिळते

स्पंज फिल्टर हा दिसायला सर्वांत साधा आणि किमतीला सर्वांत हलका. स्पंजचा एक गोळा, त्यात उभी नळी आणि बाहेर ठेवायचा छोटा एअर पंप, एवढाच त्याचा पसारा. पंपाची हवा नळीत शिरते, बुडबुडे वर चढतात आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेतात. त्या जागी नवे पाणी स्पंजमधून आत येते. बोअरमध्ये कॉम्प्रेसरने हवा सोडून पाणी वर काढताना आपण पाहिले असेल. तीच ही युक्ती, फक्त चिमुकली. स्पंजच्या असंख्य छिद्रांत जिवाणूंना भरपूर जागा मिळते. बुडबुड्यांनी पाणी हलत राहते, म्हणून प्राणवायूही मिळतो. प्रवाह सौम्य असल्याने गप्पीची पिल्ले त्यात ओढली जात नाहीत आणि फायटरही दमत नाही. दोष एवढाच की, पंपाची गुणगुण ऐकू येते आणि तरंगणारा बारीक कचरा तो भराभर उचलत नाही.

कोपऱ्यातला डबा फिल्टर हा त्याचाच चुलतभाऊ. प्लॅस्टिकच्या डब्यात खडी किंवा भाजक्या मातीच्या नळ्या आणि वर कापूस. हाही हवेवर चालतो. यातला कापूस लवकर तुंबतो. कापूस बदलावा, पण खडी आणि नळ्या कधीही टाकून देऊ नयेत. जिवाणू तिथे असतात.

खडीखालचा फिल्टर म्हणजे तळाशी सच्छिद्र ताटली आणि वर खडीचा थर. पाणी खडीतून खाली झिरपते. कल्पना चांगली आहे, पण घाण खडीत उतरून बसते. काही महिन्यांनी तळ चिबडतो. मग सगळी टाकी उपसावी लागते. रोपे लावायची असतील तर हा घेऊ नये.

पाण्यात बुडणारा मोटरचा फिल्टर आणि टाकीच्या काठावर बसणारा टॉप फिल्टर हे दोन्ही छोट्या मोटरवर चालतात. कचरा झटपट उचलतात, पाणी लखलखीत ठेवतात. मागच्या काचेला टांगायचाही एक प्रकार मिळतो. यांच्या खोक्यावर तासाला किती लिटर पाणी फिरते ते लिहिलेले असते. टाकीतल्या पाण्याच्या चौपट ते सहापट पाणी तासाला फिरले तर ठीक. म्हणजे ५० लिटरच्या टाकीला तासाला २०० ते ३०० लिटरचा पुरे. खोक्यावरचा आकडा मोकळ्या पाण्याचा असतो. आत स्पंज भरला आणि पाणी वर चढवावे लागले की तो कमी होतो. तरी लहान टाकीला १००० लिटरचा फिल्टर लावणे म्हणजे वाफ्यात पाच अश्वशक्तीचा पंप सोडण्यासारखे आहे. मासे दिवसभर प्रवाहाशी झगडून थकतात.

डब्याचा कॅनिस्टर फिल्टर टाकीबाहेर ठेवतात. तो मोठ्या टाक्यांसाठी आहे. तो हवाबंद असतो. वीज गेली की आतल्या थोड्याशा पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात आणि आतला गाळ कुजतो. वीज आली की ते सडके पाणी थेट माशांच्या अंगावर येते. वीज बेभरवशाची असलेल्या घरात याचे काम नाही.

काही फिल्टरांत काळ्या दाण्यांची पिशवी असते. तो सक्रिय कोळसा. पाण्याचा रंग, वास, औषधाचा अंश तो शोषतो, पण काही आठवड्यांत त्याची ताकद संपते. रोजच्या वापरासाठी त्याची गरज नाही. त्याच्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. चुलीतला कोळसा त्याच्या जागी घालू नये.

आता निवाडा सांगतो. दोन फुटांपर्यंतची टाकी, गप्पीसारखे लहान मासे आणि जाणारी-येणारी वीज, अशा घराला स्पंज फिल्टर आणि एअर पंप हीच जोडी घ्यावी. जमल्यास एकाऐवजी दोन स्पंज लावावेत. वीज टिकून असेल आणि पाणी अगदी नितळ हवे असेल तर टॉप फिल्टर किंवा बुडणारा लहान फिल्टर चालेल. पण तोही स्पंजच्या जोडीला घ्यावा, स्पंजच्या जागी नव्हे.

खर्चही पाहू. लहान एअर पंप साधारण ३ वॉटचा असतो. रात्रंदिवस चालला तर ३० दिवसांत दोन युनिटांहून थोडी जास्त वीज खातो. १० वॉटची मोटर महिन्याला सव्वासात युनिटांच्या आसपास जाते. बिल वाचवायला रात्री पंप बंद करण्याची सवय पुष्कळांना असते. तेवढे करू नका. रात्री टाकीतल्या वनस्पतीही प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात. बंद करायचाच तर दिवा करा, फिल्टर नको.

फिल्टरला विरजण लावा

नवा फिल्टर आणला, पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी दहा मासे सोडले, तर काय होते ते वर पाहिलेच. दूध तापवून ठेवले म्हणून दही होत नाही. विरजण लागते आणि वेळ लागतो. फिल्टरचेही तसेच. मोकळ्या टाकीत जिवाणू आपोआप येतात, पण पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

ओळखीच्या घरी निरोगी मासे असलेली जुनी टाकी असेल तर काम सोपे होते. त्यांच्या चालू स्पंजचा एक तुकडा किंवा फिल्टरमधली मूठभर खडी मागून आणा. येताना ती टाकीच्याच पाण्यात ओली ठेवा आणि नव्या फिल्टरला लावा. शेजारून विरजण आणावे तसे. हे विरजण मोफत मिळते आणि दुकानातल्या बाटलीपेक्षा भरवशाचे असते. मात्र ज्या टाकीत नुकतेच मासे मेले असतील तिथून काहीही आणू नये.

विरजण मिळाले नाही तर धीर धरावा. आधी टाकी, खडी, फिल्टर आणि हायड्रिलासारखी पाणवनस्पती लावून चार दिवस चालवा. मग दोनच गप्पी सोडा. खाद्य दिवसातून एकदा, चिमटीने आणि दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या. दर दोन-तीन दिवसांनी पाव टाकी पाणी बदला. महिनाभर मासे चपळ राहिले, नीट खाऊ लागले, तर आणखी दोन आणा. असे वाढवत दोन फुटी टाकीत सात-आठ गप्पींवर थांबा. पुढे ती स्वतःच वाढतात.

या दिवसांत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, कल्ले भराभर हलू लागले, तर औषध शोधत बसू नका. खाद्य बंद करा आणि निम्मे पाणी बदला. बहुतेक वेळा तेवढ्याने सावरते.

धुताना घडणारा घात

फिल्टर चांगला घेतला, महिनाभर सांभाळला आणि एका रविवारी सगळे स्वच्छ करायचे म्हणून स्पंज नळाखाली धरून साबणाने घासला. तिसऱ्या दिवशी मासे गेले. हे फार वेळा घडते, आणि हौशी, स्वच्छतेची आवड असलेल्या घरांतच अधिक घडते. स्पंजवरचा तो तपकिरी बुळबुळीत थर आपल्याला मळ वाटतो. प्रत्यक्षात महिनाभर राबून वाढवलेले जिवाणू त्या थरातच असतात. दही लावायचे भांडे धुताना विरजणही ओतून द्यावे, तसे हे होते.

म्हणून नियम एकच. फिल्टर टाकीतल्याच पाण्यात धुवायचा. टाकीतले बादलीभर पाणी काढा, त्यात स्पंज चार-पाच वेळा हलकेच पिळा आणि लगेच परत लावा. साबण नको, गरम पाणी नको, उन्हात वाळवणे नको. बुडबुड्यांचा जोर कमी दिसला की धुवावा. साधारण दोन ते चार आठवड्यांनी ही वेळ येते. दोन स्पंज असतील तर दोन्ही एकाच दिवशी धुवू नयेत.

नळाच्या पाण्याबद्दल अधिक जपावे. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. आपल्या पोटाच्या रोगजंतूंसाठी ते योग्यच आहे. पण तिच्यातला क्लोरीन माशांचे कल्ले भाजतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतो. नळाचे पाणी पसरट घमेल्यात किंवा उघड्या बादलीत २४ तास ठेवावे, मधून तांब्याने वर-खाली ओतावे आणि मग वापरावे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते जमिनीखालून आलेले असल्याने त्यात प्राणवायू कमी असू शकतो. तेही तसेच खळबळवून घ्यावे. फवारणीच्या कामात वापरलेली बादली माशांच्या पाण्याला चुकूनही लावू नये. धुतलेल्या बादलीतला कीटकनाशकाचा अंशही टाकी संपवायला पुरतो. माशांची बादली वेगळी ठेवा आणि तिच्यावर रंगाने खूण करा.

दर आठवड्याला पाचवा हिस्सा ते पाव हिस्सा पाणी बदलावे. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असते, म्हणजे पातळ खतच. ते मोरीत न ओतता तुळशीला, कढीपत्त्याला, परसातल्या भाजीला घालावे. मात्र टाकीत मीठ किंवा औषध घातले असेल तर ते पाणी झाडांना नको.

वीज गेली तर

इथे स्पंज फिल्टरचा खरा गुण कळतो. तो टाकीच्या मोकळ्या पाण्यात उभा असतो. पंप बंद पडला तरी त्यातले जिवाणू काही तास तग धरतात. टाकीत मासे मोजके असतील तर तीन-चार तासांत भिण्याचे कारण नाही. मासे वर येऊन धापा टाकू लागले तर तांब्याने पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत सोडा. दहा मिनिटे असे करा, पुन्हा अर्ध्या-पाऊण तासाने करा. वीज नसताना खाद्य घालू नका. ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो. म्हणून उन्हाळ्यात टाकी पत्र्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. घरातल्या सर्वांत थंड भिंतीशी ठेवावी. बॅटरीवर चालणारे एअर पंपही मिळतात. वीज रोजच जात असेल तर त्यातला एक घेऊन ठेवावा.

मोटरचा फिल्टर रात्रभर बंद राहिला असेल तर वीज येताच सुरू करू नका. आधी उघडून, आतले पाणी ओतून, स्पंज टाकीच्या पाण्यात खंगाळून मग लावा.

विजेशी खेळ नको

पाणी, वीज आणि लहान मुले एका ठिकाणी येतात, म्हणून हे शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. स्पंज फिल्टरमध्ये पाण्यात फक्त हवेची नळी जाते, विजेची वायर जात नाही. ज्या घरात अर्थिंगची खात्री नाही, तिथे तो निवडायला एवढे एकच कारण पुरे आहे. मोटरचा फिल्टर असेल तर पाण्यात हात घालण्यापूर्वी पिन सॉकेटमधून काढलीच पाहिजे. नुसते बटण बंद करून भागत नाही. वायर सॉकेटकडे जाताना खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता झोलातून खाली टपकते. एअर पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा. तो खाली ठेवला आणि वीज गेली तर नळीतून पाणी उलटे ओढले जाऊन पंपात शिरते. उंच जागा नसेल तर नळीत उलट पाणी अडवणारा छोटा व्हॉल्व्ह बसवावा. तो अगदी थोड्या पैशांत मिळतो.

आणखी एक सूचना. काच साफ ठेवतो म्हणून दुकानदार सकर मासा गळ्यात मारतो. तो फुटाहून मोठा होतो आणि लहान टाकीत मावत नाही. मग लोक तो ओढ्यात किंवा नदीत सोडून देतात आणि तो तिथल्या माशांच्या मुळावर येतो. काच साफ करायला जुन्या, पण साबण न लागलेल्या कापडाचा तुकडा पुरेसा आहे. पाळलेला कुठलाही मासा विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नये.

मुलांना टाकी घेऊन द्यायची असेल तर जरूर द्यावी. पण आधी टाकी आणि फिल्टर आणा, मासे महिन्याने आणा. मधल्या काळात मुलाला रोज पाणी पाहायला लावा, बुडबुडे मोजायला लावा, आठवड्याला पाणी बदलायला लावा. पेरणीआधी मशागत असते हे त्याला शेतात कळतेच, घरातही कळेल. काचेआडच्या जिवाला ओरडता येत नाही, दावे तोडून पळताही येत नाही. त्याचे सगळे आपल्याच हाती असते. ही जबाबदारी दहा वर्षांच्या पोराने महिनाभर नीट पेलली, तर पुढे गोठ्यातले वासरू त्याच्या हवाली करायला घरच्यांना काळजी वाटणार नाही.